परदेशात गाडी चालवायचीय? पाट्या आणि पट्ट्यांबद्दल कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना आला आणि दिवाळी झाली की कोल्हापुरातून परदेशी जाणाऱ्यांची गडबड सुरू होते. कुणाचा मुलगा म्युनिकला, कुणाची मुलगी न्यू जर्सीला, कुणी नुसतं हिंडायला. टूरच्या बसला कंटाळलेली बरीच मंडळी आता तिकडं भाड्याची गाडी घेतात. त्यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक देशाचे सगळे नियम यात सापडणार नाहीत. एमएच-०९ ची गाडी चालवून तयार झालेली नजर तिकडं नेमकी कुठं फसते, तेवढ्यावर भर दिला आहे.

गगनबावड्याचा घाट धुक्यात उतरवणाऱ्याला पाट्या काय शिकवायच्या?

घाट उतरवताना तुम्ही समोरच्या ट्रकचा अंदाज घेता, वळणावर हॉर्न देता, एसटीला साईड देता. सगळा कारभार समोरच्या माणसाकडं बघून चालतो. युरोपात किंवा अमेरिकेत समोरचा ड्रायव्हर तुमच्या तोंडाकडं बघतच नाही. तो पाटी आणि पट्टा बघून येतो आणि तुम्हीही तेच बघितलंय असं धरून चालतो. आधी जायचा हक्क त्याचा असेल तर तो वेग कमी करायच्या भानगडीत पडत नाही. दाभोळकर कॉर्नरला कामाला येणारी नजरानजर तिथं उपयोगाची नाही. उलट, घाटात मुरलेल्या ड्रायव्हरचाच आत्मविश्वास तिथं जास्त नडतो.

पण पाट्या तर जगभर सारख्याच असतात ना?

बऱ्याच अंशी, हो. १९६८ साली व्हिएन्ना इथं रस्त्यावरच्या चिन्हांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला. म्हणून आपला लाल कडेचा त्रिकोण आणि जर्मनीतला त्रिकोण भावंडं वाटतात. त्रिकोण म्हणजे सावध राहा. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे हे करायचंच, उदाहरणार्थ बाणाच्या दिशेनंच जा. चौकोन म्हणजे माहिती. अष्टकोनी लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. हे आकार इतके वेगळे ठेवलेत, त्याला कारण आहे. पाटीवर बर्फ साचला, चिखल उडाला किंवा भाषा कळली नाही, तरी नुसत्या आकारावरून काय करायचं ते समजलं पाहिजे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अष्टकोनावर ‘आरे’ असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं. अक्षरं वाचता आली नाहीत तरी ब्रेक दाबायचं कळतंच.

अमेरिका मात्र या करारात नाही. तिथं सावधतेच्या पाट्या कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पिवळ्या चौकोनात असतात आणि वेगमर्यादा पांढऱ्या आयतात, काळ्या आकड्यांत. लाल गोल शोधत बसलात तर वेगमर्यादा दिसणारच नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्येही सावधतेला पिवळा उभा चौकोनच आहे, पण वेगाचा आकडा लाल गोलातच. स्वीडन आणि फिनलंडमध्ये त्रिकोण आहे, पण आतून पिवळा, म्हणजे बर्फात उठून दिसतो.

लाल गोलात गाडीचं चित्र आहे, पण तिरकी रेघ नाही. म्हणजे गाडीला परवानगी?

नाही, बंदी. आपल्याकडं मनाईच्या बहुतेक पाट्यांवर तिरकी रेघ असते, म्हणून डोळे ती रेघ शोधतात. युरोपात लाल कड हीच मनाई. ब्रिटनमध्ये लाल गोलात वर मोटरसायकल आणि खाली कार दिसली की मोटार वाहनांना प्रवेश बंद. आणि पांढऱ्या गोलाला नुसती लाल कड असेल, आत काहीच नसेल, तर सगळ्याच वाहनांना बंदी. रिकामी पाटी बघून ‘काही लिहायचं राहिलंय वाटतं’ म्हणत आत शिरणारे लोक आहेत.

युरोपात जागोजागी पिवळा उभा चौकोन दिसतो, त्याला पांढरी कड असते. तो कशाचा इशारा आहे?

कशाचाच नाही. तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि पुढच्या चौकांत आधी जायचा हक्क तुमचा, एवढंच तो सांगतो. अमेरिकेत हाच आकार ‘सावध’ म्हणतो आणि जर्मनीत ‘बिनधास्त जा’ म्हणतो. दोन्हीकडं गाडी चालवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

याच चौकोनावर काळ्या तिरक्या रेघा आल्या की तो हक्क संपला. खरी गंमत, म्हणजे खरा धोका, तिथून पुढं सुरू होतो. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया यांसारख्या उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांत चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा मूळ नियम आहे. तुम्ही रुंद रस्त्यावर आहात, सरळ चाललाय आणि उजवीकडून एक बोळ येऊन मिळतो. त्या बोळातून आलेली छोटी गाडी न थांबता तुमच्यासमोर येईल आणि कायदा तिच्या बाजूनं असेल. आपल्या मनात मोठा रस्ता हाच मुख्य रस्ता असतो. महाद्वार रोडला एखादी गल्ली येऊन मिळते तेव्हा गल्लीतल्यानं थांबायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. तिकडं रस्त्याच्या रुंदीला किंमत नाही. जुन्या गावांत आणि ताशी ३० च्या वस्त्यांत तर पाटी नसलेले असे चौक एकापाठोपाठ एक येतात. तिथं प्रत्येक उजव्या गल्लीत डोकावून, हळू जायचं.

एक पाटी या बाबतीत हमखास चकवते. लाल त्रिकोणात काळी फुली. रेल्वे फाटक असेल असं वाटतं. पण तिचा अर्थ, पुढच्या चौकात उजवीकडच्याला आधी सोडा. त्रिकोणात वर जाणारा जाड बाण आणि त्याला छेदणारी बारीक रेघ असेल, तर त्या एका चौकापुरता हक्क तुमचा.

रस्त्यावर आडव्या रांगेत पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, टोकं तुमच्याकडं. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये ते फार दिसतात. टोकं तुमच्यावर रोखलेली असतील तर थांबायचं तुम्ही.

गावाच्या नावाची पाटी वाचायची काय गरज? मॅप लावलेला असतोच की.

आपल्याकडं वेशीवर ‘स्वागत आहे’चा फलक असतो, त्यावर चार पुढाऱ्यांचे फोटो असतात आणि गाडीच्या वेगाशी त्याचा काही संबंध नसतो. जर्मनीतली पिवळी, फ्रान्समधली लाल कडेची पांढरी, इटलीतली पांढरी, या गावाच्या नावाच्या पाट्या म्हणजेच वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. नाव दिसलं की ताशी ५० सुरू. वेगळा आकडा लावलेला असेल तरच वेगळा वेग. नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं. मग बाहेरच्या साध्या रस्त्यावर जर्मनीत १००, फ्रान्समध्ये साधारण ८०, इटलीत ९०. आकडा कुठंच दिसत नाही म्हणून लोक गावातून ८० नं जातात आणि कॅमेरा फोटो काढतो.

ब्रिटनमध्ये गावाच्या पाटीला हा अर्थ नाही. तिथं रस्त्यावरचे दिवे बघायचे. दिव्यांचे खांब ओळीनं आहेत आणि दुसरा आकडा नाही, तर ३० मैल. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून तेच २० मैल झालं आहे.

किलोमीटर की मैल?

ब्रिटन आणि अमेरिकेत मैल, बाकी तुम्ही जाल तिथं जवळजवळ सगळीकडं किलोमीटर. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, ६० म्हणजे ९७, ७० म्हणजे ११३. भाड्याच्या गाडीचा काटा त्याच देशाच्या हिशेबात असतो, त्यामुळं गणित करत बसावं लागत नाही. अडचण सीमेवर येते. आयर्लंडमध्ये २००५ पासून किलोमीटर आहेत आणि उत्तर आयर्लंडमध्ये मैल. मधे ना नाका ना बॅरिकेड. डब्लिनला घेतलेली गाडी बेलफास्टला नेलीत तर पाटीवरचा ६० हा तुमच्या काट्यावरचा ६० नाही.

ब्रिटनमध्ये पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा दिसतो. मर्यादा संपली असं समजू नका. ‘देशाची सर्वसाधारण मर्यादा लागू’ असा त्याचा अर्थ: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारला ६० मैल, दुभाजक असेल तर ७०. जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे महामार्गावर, मात्र अशाच दिसणाऱ्या पाटीनंतर खरोखर मर्यादा उठते. सरकार १३० ची शिफारस करतं. मागून २०० नं येणारी गाडी आरशात ठिपक्याएवढी दिसते आणि क्षणात बंपरला येते, म्हणून डावी लेन ओव्हरटेक झाला की लगेच सोडायची.

रस्त्यावरचे पांढरे आणि पिवळे पट्टे सगळीकडं एकाच अर्थाचे असतात का?

नाही. पाट्यांबद्दल सगळे विचारतात, पट्ट्यांबद्दल फार थोडे. खरं तर अपघात टाळायला पट्टेच जास्त उपयोगी.

अमेरिका आणि कॅनडात नियम सोपा आणि फार शहाणपणाचा आहे. पिवळा पट्टा समोरून येणाऱ्यांना वेगळं करतो, पांढरा एकाच दिशेच्या लेन वेगळ्या करतो. दुभाजक असलेल्या हायवेवर डावी कडसुद्धा पिवळी आणि उजवी पांढरी रंगवतात. म्हणजे पिवळा कायम तुमच्या डाव्या हाताला हवा. तुम्ही गाडीच्या डाव्या बाजूला बसलाय, सवय नाही, रात्र आहे, पाऊस आहे. काहीही असो, पिवळा उजवीकडं दिसला तर तुम्ही उलट्या बाजूला घुसलाय. एवढी एक गोष्ट पाठ करून गेलात तरी निम्मं काम झालं. रस्त्याच्या अगदी मधोमध दोन्ही बाजूंनी पिवळ्या रेघा असलेली एक लेन असते, ती दोन्हीकडच्यांना डावं वळण घेण्यासाठी. ओव्हरटेक करायला ती वापरायची नाही. लेनमध्ये पांढरा उभा चौकोन रंगवलेला असेल तर ती एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव. किती माणसं लागतात ते पाटीवर लिहिलेलं असतं.

युरोपात याच्या उलट भानगड. तिथं बहुतेक देशांत मधला पट्टाही पांढराच. दोन लेन, मधे तुटक पांढरी रेघ. अमेरिकेतून आलेल्या माणसाला हा रस्ता एकदिशा वाटतो आणि तो आरामात डाव्या लेनमध्ये जातो, समोरून ट्रक येईपर्यंत. पट्ट्याच्या रंगावरून युरोपात दिशा ठरवू नका. दूर उभ्या केलेल्या गाड्यांची तोंडं आणि पाट्यांच्या पाठी बघा. सगळ्या पाट्यांच्या पाठी दिसायला लागल्या की गाडी लगेच कडेला घ्या. जर्मनीत रस्त्याचं काम चालू असलं की पिवळे पट्टे येतात. मग पांढरे रद्द समजायचे आणि पिवळ्यांवरून चालायचं.

न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून. तुमच्या बाजूची मधली रेघ सलग पिवळी असेल तर ओव्हरटेक बंद. तिथले एकेरी पूल हा आणखी एक विषय. पुलाआधी गोल पाटीवर दोन बाण असतात. तुमच्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर समोरच्याला येऊ द्या. निळ्या चौकोनावर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर तुम्ही आधी. आपल्याकडं एकेरी पुलावर जो आधी नाक घालतो त्याचा पूल. तसलं तिथं चालत नाही.

ब्रिटनमध्ये चौकात पिवळ्या तिरक्या रेघांची जाळी रंगवलेली असते. पलीकडं जागा मोकळी असल्याशिवाय त्या जाळीत शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी. झेब्राच्या आधी नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या की तिथं थांबणं आणि ओव्हरटेक दोन्ही बंद.

लाल सिग्नलला लेफ्ट फ्री असतो का तिकडं?

ब्रिटनमध्ये नाही. न्यूझीलंडमध्येही नाही. अमेरिकेत उलट बाजू असल्यामुळं राईट फ्री म्हणा हवं तर, पण आधी चाकं पूर्ण थांबवायची, माणसं आणि गाड्या बघायच्या, मग वळायचं. ‘लाल असताना वळू नका’ अशी पाटी असेल तर तेही नाही. न्यूयॉर्क शहरात सर्वसाधारणपणे बंदी आहे, माँट्रिअलच्या बेटावरही. जर्मनीत लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची छोटी काळी पट्टी ठोकलेली असेल तिथंच, आणि थांबूनच.

अजून एक. अमेरिकेत सिग्नल चौकाच्या पलीकडं टांगलेला असतो, जर्मनीत बहुतेक वेळा थांबायच्या रेघेशीच. तिथं रेघ ओलांडून झेब्रावर जाऊन उभं राहायची सवय असेल, तर दिवा तुमच्या मागं राहतो आणि हिरवा कधी झाला ते मागच्याच्या हॉर्नवरून कळतं.

स्टॉपच्या पाटीला खरंच थांबायचं? रस्ता रिकामा असला तरी?

हो. चाक फिरायचं पूर्ण बंद झालं पाहिजे. अमेरिकेत बऱ्याच चौकांत चारी बाजूंना स्टॉप असतो. तिथं जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघं एकदम आले तर उजवीकडचा. कुणी हॉर्न देत नाही, कुणी मधे नाक घालत नाही, आणि सिग्नलशिवाय सगळं सुरळीत चालतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सर्कशीपेक्षा भारी वाटतं.

पिवळी शाळेची बस लाल दिवे उघडझाप करत थांबली आणि तिच्या अंगातून स्टॉपची पाटी बाहेर आली, तर मागच्यांनीच काय, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. यात कुणीच सूट देत नाही.

इटलीहून येऊन सहा महिने झाले आणि आता दंडाचं पत्र आलंय. पोलिसानं तर अडवलंच नव्हतं!

फ्लॉरेन्स, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. या भागाच्या तोंडाशी तीच पांढऱ्या पोटाची, लाल कडेची गोल पाटी असते, खाली वेळा लिहिलेल्या आणि वर कॅमेरा. काही ठिकाणी विजेरी फलक असतो. त्यावर ‘वार्को आत्तीवो’ असं आलं की बंदी चालू आहे, ‘नॉन आत्तीवो’ असेल तर आत जाता येतं. पाहुण्याला ‘आत्तीवो’ म्हणजे दार उघडं असं वाटतं आणि तो सरळ आत जातो. मॅप नेहमी सावध करेलच असं नाही. चुकून शिरलात, गोंधळून बाहेर पडलात आणि दुसऱ्या तोंडानं परत शिरलात, तर दोन दंड.

परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यानं ३६० दिवसांची मुदत दिली आहे, म्हणून पत्र उशिरा येतं. गाडी देणारी कंपनी आधीच तुमच्या कार्डवरून काही पैसे कापते. ते तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क, दंड नव्हे. दंड वेगळा भरावा लागतो. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरला तर बहुतेक प्रकारांत ३० टक्के सवलत मिळते. हॉटेल त्या भागात असेल तर त्यांना आधी फोन करून गाडीचा नंबर द्या. पुष्कळ हॉटेलं तो नोंदवून घेतात. नाहीतर गाडी बाहेर लावा आणि बॅग ओढत चाला.

महामार्गाच्या पाटीचा रंग कोणता?

जर्मनी, फ्रान्स, ब्रिटनमध्ये निळा. इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवा. इटलीत निळी पाटी साध्या रस्त्याची, ब्रिटनमध्ये हिरवी पाटी मुख्य पण मोटरवे नसलेल्या रस्त्याची. टोल चुकवायचा असेल तर इटलीत हिरव्या पाटीच्या मागं जाऊ नका. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गावर बहुतेक ठिकाणी नाका नसतो, आधी पास घ्यावा लागतो. स्विस पास वर्षाचाच, ४० फ्रँक, मग तुम्ही एकच दिवस का असेना. शहरातला टोल आंदोलन करून घालवलेल्या कोल्हापूरकराला हे पचायला जड जातं, पण तिथं मोर्चा काढायला माणसं जमायची नाहीत.

पार्किंगचं काय?

निळ्या गोलावर एक लाल रेघ म्हणजे पार्किंग बंद, फुली म्हणजे थांबणंही बंद. हे आपल्यासारखंच. बाकी जमिनीवर बघा. इटलीत निळे पट्टे पैसे भरून, पांढरे फुकट, पिवळे राखीव. ब्रिटनमध्ये कडेला दोन पिवळ्या रेघा म्हणजे कधीच गाडी लावायची नाही, एक असेल तर वेळ पाटीवर. कॅलिफोर्नियात फुटपाथची कड लाल असेल तर थांबू नका, निळी असेल तर ती जागा अपंगांसाठी, आणि आगीच्या बंबासाठीच्या नळापासून १५ फूट लांब राहा. थायलंडमध्ये फुटपाथची कड लाल-पांढरी तर मनाई, पिवळी-पांढरी तर माणसं उतरवण्यापुरतं थांबा. जर्मनीत काही ठिकाणी काचेमागं निळं पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवतात. त्यात पोहोचल्यानंतरचा पुढचा अर्धा तास लावायचा, म्हणजे १०:१० ला आलात तर १०:३०.

जपानला चाललोय. तिथं काय वेगळं?

डावीकडूनच चालवायचं, ही मोठी सोय. पण स्टॉपची पाटी अष्टकोनी नसून लाल उलटा त्रिकोण आहे, आणि आपल्याला तो ‘सावकाश जा’ वाटतो. २०१७ पासून नव्या पाट्यांवर जपानीखाली इंग्रजीतही लिहितात. रेल्वे फाटक उघडं असलं, गाडी येत नसली, तरी प्रत्येक फाटकापाशी थांबूनच पुढं जायचं.

पाटीखालची छोटी पट्टी वाचता येत नाही, मग?

मुख्य पाटीला अपवाद असेल तर तो तिथं असतो. जर्मनीत ‘फ्राय’, फ्रान्समध्ये ‘सोफ’, इटलीत ‘एच्चेत्तो’ हे शब्द सूट सांगतात, आणि ती सूट बहुधा रहिवाशांना, सायकलला किंवा बसला असते. तुम्हाला नसते. शेजारी बसलेल्यानं फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करावं. चालवणाऱ्यानं फोनला हात लावू नये.

समोरच्यानं डिपर दिला तर?

आपल्याकडं डिपर म्हणजे ‘मी येतोय, थांब’. ब्रिटनमध्ये पुष्कळजण तो ‘तुम्ही जा’ म्हणून देतात, नियमपुस्तिका मात्र त्याला फक्त आपण इथं आहोत हे कळवण्यापुरती मुभा देते. थोडक्यात, डिपरवर विसंबून गाडी घालू नका आणि तुम्हीही देऊ नका.

लायसन कुठलं लागतं?

आपलं मूळ लायसन आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ ठेवा. परवान्याची फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसता परवाना मूळ लायसनशिवाय उपयोगाचा नाही. गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या बुकिंग करतानाच वाचा. आणि निघायच्या आठवडाभर आधी विमानतळाच्या पार्किंगपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर एकदा चालवून बघा. चौकातल्या पाट्या, पट्टे, लेनवरचे बाण सगळं त्यात दिसतं.